पाऊस पडला आणि रेनडिअर उपाशी मेले, हे कसं?

"स्वालबार्डमध्ये भर हिवाळ्यात पाऊस पडला आणि त्यामुळे दोनशेवर रेनडिअर उपासमारीने मेले, असं वाचलं. पाऊस पडून जनावरं उपाशी कशी मरतात? तिथे मोजतं कोण आणि कसं? आणि मेलेली जनावरं बघून 'हवामानबदलाने घात केला' म्हणणं घाईचं नाही का?" असा तुमचा प्रश्न. वन्यप्राण्यांची संख्या का वाढते, का कोसळते हाच माझा धंदा आहे आणि माझे बरेचसे उन्हाळे स्वालबार्डवर, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक महासागरात असलेल्या या बेटांवर गेलेत. तेव्हा थोडं लांबण लागेल.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. हो, घाईचं आहे. नुसती मढी मोजून कारण सांगणारा माणूस आमच्यात टिकत नाही. पण बातमी खोटी नव्हती. 2019 च्या उन्हाळ्यात नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटच्या लोकांना नेहमीच्या मोजणीत दोनशेहून जास्त मेलेले रेनडिअर सापडले आणि ते उपासमारीनेच मेले होते. बातमीत नसतं ते एवढंच, की त्या बेटांवर एकूण रेनडिअर 22,000 च्या आसपास आहेत. शिकारीने ही जात जवळजवळ संपत आली होती. 1925 मध्ये तिला संरक्षण मिळालं आणि नंतरच्या दशकांत ती सावरली. काही खोऱ्यांत तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत संख्या वाढली आहे, आणि त्याला कारण पुन्हा वाढती उष्णताच. उन्हाळा लांबला, बर्फ उशिरा पडायला लागला, चरायला जास्त दिवस मिळाले. म्हणजे तीच उष्णता एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. कुठे किती देते आणि कुठे किती घेते हा हिशेब लावायचा, एवढंच आमचं काम.

आता पाऊस. तिकडचा हिवाळा म्हणजे कोरडी थंडी. बर्फ पडतो तो पिठासारखा भुसभुशीत. रेनडिअर पुढच्या खुरांनी तो उकरतं, खड्ड्यात तोंड घालतं आणि खालचं वाळकं गवत, शेवाळ, खुरट्या झुडपांच्या काड्या ओरपतं. पाठीवर चरबी असते, पण ती राखीव शिल्लक. रोजचा खर्च तिच्यावर चालत नाही. मधूनच दक्षिणेचा उबदार वारा येतो, पारा शून्याच्या वर चढतो आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. पाणी त्या पिठातून झिरपत थेट जमिनीला टेकतं. जमीन बारमाही गोठलेली, मुरायला वाव नाही. मग ते तिथेच, गवताच्या बुडाशी गोठतं. जुन्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात दुधाची पिशवी तळाला चिकटून बसते ना, ओढली तर फाटते पण निघत नाही, तसं अख्खं कुरण जमिनीला चिकटतं. मी एप्रिलमध्ये असा बर्फ फोडून पाहिलाय. काचेखाली ठेवल्यासारखी गवताची पाती स्वच्छ दिसतात, एकेक मोजता येईल अशी. कुदळीचा घाव घातला तर टवका उडतो, आणि हा पसारा मैलोनमैल. जनावराकडे कुदळ नसते.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण 2012 चं. 30 जानेवारीला न्यू-ओलेसुंद या वस्तीत एका दिवसात 98 मिलिमीटर पाऊस झाला. महाबळेश्वरला जुलैत एवढ्या पावसाची कुणी बातमी करणार नाही. पण न्यू-ओलेसुंद 79 अंश उत्तरेला आहे, महिना जानेवारीचा, चोवीस तास अंधार आणि वर्षभराचा सरासरी पाऊस-बर्फ मिळून चारशे मिलिमीटरच्या आसपास. त्याची जवळजवळ चौथाई एका दिवसात, तीही पाणी म्हणून. त्याच सुमारास स्वालबार्डच्याच लाँगयीअरब्येन गावात पाण्याने जड झालेला बर्फ डोंगरावरून चिखलासारखा वाहत आला आणि पायी जायचा पूल घेऊन गेला. रस्ते काचेचे झाले. माणसांची आपत्ती आणि जनावरांची आपत्ती एकाच ढगातून येते, म्हणून तिकडे हिमप्रपात अभ्यासणारे आणि आमच्यासारखे प्राणी मोजणारे एकमेकांच्या नोंदी मागून घेतात. हवामान केंद्राच्या तापमानाच्या तक्त्याइतका उपयोगी कागद आमच्याकडे दुसरा नाही.

पण पाऊस पडला आणि जनावरं मेली, एवढं म्हणून भागत नाही. त्याच द्वीपकल्पावरची जुनी गोष्ट सांगतो. न्यू-ओलेसुंद ज्या ब्रॉगर द्वीपकल्पावर आहे तिथे रेनडिअर शिकारीने संपलेच होते. 1978 मध्ये दुसऱ्या खोऱ्यातून आणून 12 जनावरं सोडली. लांडगा नाही, शिकार नाही, कित्येक वर्षं न चरलेलं कुरण. संख्या वाढत वाढत 1993 पर्यंत साडेतीनशेच्या पुढे गेली. मग 1993-94 चा हिवाळा आला, जमिनीवर बर्फाची काच बसली आणि वसंतापर्यंत शंभराच्या आत जनावरं उरली. काही मेली, काही गोठलेला समुद्र ओलांडून शेजारच्या किनाऱ्यांवर गेली. मारेकरी कोण मग? बर्फ म्हणाल तर असाच बर्फ काही वर्षं आधी, शंभर जनावरं असताना बसला असता, तर इतका घात झाला नसता. खाणारी तोंडं वाढलेली, कुरण ओरबाडलेलं, अंगावर चरबी कमी. बर्फाने फक्त शेवटचा धक्का दिला.

बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर हेच याहून भयानक रीतीने घडलं. 1944 मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तिथे 29 रेनडिअर सोडले. 1963 मध्ये ते सहा हजार झाले होते. लायकेनचा, म्हणजे दगडफुलासारख्या वाढीचा, गालिचा खाऊन संपलेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडला. 1966 मध्ये जीवशास्त्रज्ञ डेव्हिड क्लाइन पुन्हा बेटावर गेले तेव्हा 42 जिवंत सापडले: 41 माद्या आणि एकच नर, तोही पैदाशीच्या कामाचा नाही. पुढे तेही संपले. या गोष्टीचा बोधकथेसारखा वापर इतका झालाय की ऐकून कान किटतात. 'लोकसंख्या वाढली की असंच होणार' म्हणून ती माणसांना चिकटवतात. ते सोडून द्या. संख्याशास्त्राच्या अंगाने तिच्यात एक अडचण आहे. गर्दी आणि वाईट हिवाळा दोन्ही एकाच वेळी आले, बेट एक, कोसळणं एक. कुणाचा किती वाटा हे अशा एका उदाहरणावरून सुटं करता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं, न चुकता, काहीही घडत नसतानाही मोजत राहावं लागतं.

स्वालबार्डचं मोल इथे आहे. ॲडव्हेंटडालन खोऱ्यात 1979 पासून दर उन्हाळ्यात रेनडिअर मोजतात. दुसऱ्या खोऱ्यांत माद्या पकडून, खुणेचे पट्टे बांधून, एप्रिलमध्ये वजन करून सोडतात. त्या वजनांतून निघालेली एक गोष्ट मला मेलेल्या दोनशेपेक्षा जास्त बोलकी वाटते. 1994 मध्ये जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर सरासरी 55 किलो भरत. 2010 मध्ये जन्मलेल्या 48 किलोंच्या आसपास. संख्या वाढत होती आणि जनावर मात्र हलकं होत होतं. उन्हाळ्यात चारा जास्त म्हणून पाडसं जास्त, पण हिवाळ्यात काच बसली की तोच चारा जास्त तोंडांत वाटायचा. बातमीत 'संख्या वाढली' असं येवो की 'दोनशे मेले' असं येवो, दोन्ही एकाच हिशेबाच्या दोन ओळी आहेत.

आणि बर्फच कारणीभूत, हे कशावरून? मला सगळ्यात पटलेला पुरावा 2013 मध्ये ब्रागे हान्सेन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. स्वालबार्डला हिवाळाभर राहणारे शाकाहारी सस्तन प्राणी आणि पक्षी मिळून तीनच: रेनडिअर, टार्मिगन नावाचा रानकोंबडीच्या कुळातला पक्षी, आणि एक व्होल, म्हणजे आखूड शेपटीचा उंदीर, जो बहुधा रशियन खाणींच्या सामानातून आला. या तिघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. एक चाळीस-पन्नास किलोंचा, एक मुठीत मावणारा, एक उडणारा. रोग एक नाही, आयुष्य सारखं नाही. तरी पावसाळी हिवाळ्यानंतर तिघांची संख्या एकाच वेळी पडते. तिघांत समान गोष्ट एकच, बर्फाखालचं अन्न. चौथा कोल्हा. तो त्या वर्षी पडत नाही, उलट मजेत असतो, कारण जागोजागी मढी. तो पडतो पुढच्या वर्षी, जेव्हा वाचलेली जनावरं धडधाकट असतात आणि मढी मिळत नाहीत. एक वर्षाचा हा उशीर आलेखावर स्वच्छ दिसतो. गर्दी, रोग, मोजणाऱ्याची चूक असं कुठलंही कारण लावून बघा, हा चौघांचा मेळ बसत नाही.

आता मोजायचं कसं. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात. अनुभव म्हणून ते छान आहे, पण त्या आकड्यावरून जंगलात किती प्राणी हे सांगता येत नाही. तिथे जास्त उपयोगी पडते ती वनरक्षक चालतात ती ट्रान्सेक्ट लाईन. स्वालबार्डलाही तेच तत्त्व. ठरलेल्या रेषेवर चालायचं, दिसलेलं जनावर रेषेपासून किती दूर ते लेझरने मोजायचं. जवळचं सगळं दिसतं, दूरचं कमी कमी दिसतं. ते किती वेगाने कमी होतं, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. शिवाय तिथे झाड नावाची वस्तू नाही, त्यामुळे छोट्या खोऱ्यात चार जण समांतर चालून सरसकट मोजणीही जमते. खांद्यावर अस्वलासाठी बंदूक, गळ्यात दुर्बीण, पायाखाली ओलं शेवाळ, दिवसाला वीस किलोमीटर. पहिल्या उन्हाळ्यात मी एका उतारावर सहा जनावरं बसलेली लिहिली. दुसऱ्या बाजूने आलेल्या सहकाऱ्याच्या वहीत पाच. अर्धा तास वाद झाला. शेवटी चढून गेलो तेव्हा सहावा दगड निघाला, लायकेन चढलेला, अगदी त्याच करड्या-पांढऱ्या रंगाचा. तेव्हापासून जे पाच मिनिटांत कान हलवत नाही ते मी लिहीत नाही.

मेलेल्या जनावराचं काम वेगळं. जुलैत बर्फ वितळला की किनाऱ्यालगत, ओढ्यांच्या काठी ती दिसू लागतात. खालचा जबडा सोडवून घ्यायचा. दाताच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून वय कळतं. मग मांडीचं हाड कापायचं. मटणाची नळी चोखणाऱ्याला मज्जा कशी असते हे सांगायला नको: पांढरी, घट्ट, मेणासारखी. शरीर उपाशी पडलं की आधी पाठीवरची चरबी जाते, मग आतड्यांभोवतीची, आणि सगळ्यात शेवटी ही नळीतली. ज्याची मज्जा लालसर, पातळ, जेलीसारखी झाली आहे, ते जनावर उपासमारीने गेलं यात शंका राहत नाही. एका म्हाताऱ्या मादीचं हाड मी कापलं तेव्हा आतून गुलाबी पाणीच ओघळलं. तिच्या पोटात मात्र शेवाळ भरलेलं होतं. पोट भरलेलं आणि जनावर उपाशी, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला कोड्यासारखं वाटतं. शेवाळात कस नसतो. किनाऱ्यावरचे रेनडिअर अशा हिवाळ्यात समुद्राकाठचं केल्प नावाचं समुद्री शैवालही खातात, तेही असंच तात्पुरतं.

जबडे मांडले की बहुतेक एकच चित्र दिसतं. मेलेल्यांत पाडसं आणि म्हातारी जास्त, ऐन उमेदीतली कमी. यातून 2019 मध्ये हान्सेन आणि मंडळींनी एक उलटा निष्कर्ष काढला, जो मला आधी पटला नव्हता: असे पावसाळी हिवाळे वारंवार येऊ लागले तर रेनडिअरची संख्या उलट स्थिर होऊ शकते. कारण असं, की एका वाईट हिवाळ्यात दुबळे जातात, उरतात ते धट्टेकट्टे आणि मोजके. लगेच दुसरा वाईट हिवाळा आला तर मारायला कुणी फारसं शिल्लक नसतं, गर्दीही नसते. खरा घात होतो तो बरीच चांगली वर्षं गेल्यावर अचानक येणाऱ्या एका वाईट वर्षाने. 1993-94 आठवा. याचा अर्थ 'हवामानबदल बरा' असा काढू नका. अभ्यास स्वालबार्डच्या रेनडिअरचा आहे. माणसाने पाळलेल्या कळपांना तो लागू करू नका.

पाळलेल्या कळपांचं उदाहरण सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पाचं. तिथले नेनेत्स लोक हजारो रेनडिअर घेऊन उत्तर-दक्षिण फिरतात. नोव्हेंबर 2013 मध्ये पाऊस पडून कुरणं गोठली आणि पुढच्या वसंतापर्यंत 61,000 रेनडिअर मेले. 2006 मध्ये 20,000 गेले होते. स्वालबार्डचं रेनडिअर एकटं-दुकटं फिरतं आणि वाऱ्याने बर्फ खरवडून नेलेली एखादी टेकडी शोधतं. हजारांच्या कळपाला ती सोय नाही. कळप गेलेल्या कुटुंबांना मासेमारीवर दिवस काढावे लागले. संशोधकांनी या घटनांचा संबंध शरद ऋतूत उघड्या राहिलेल्या बॅरेंट्स आणि कारा समुद्राशी जोडला: समुद्रावर बर्फ नाही, म्हणून हवेत ओल जास्त. हा धागा काढताना उपग्रहाच्या नोंदींइतकंच पशुपालकांच्या तोंडच्या माहितीला वजन दिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. कुठल्या दिवशी, कुठे, किती जाड काच बसली हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मढी मोजण्याबद्दल एक शेवटचं, कारण तुमच्या शंकेचं मूळ तिथे आहे. अलास्काच्या किनाऱ्यावर कॉमन मर नावाचा समुद्रपक्षी आहे (नाव मराठीत फारच अभद्र, पण करणार काय). 2014 ते 2016 दरम्यान ईशान्य प्रशांत महासागरात उष्णतेची लाट होती, लहान मासे नाहीसे झाले आणि 2015-16 च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर सुमारे 62,000 मर मेलेले किंवा मरणाच्या वाटेवरचे सापडले. त्यावरून आधी अंदाज निघाला तो साधारण पाच ते बारा लाखांचा. मग वर्षानुवर्षं जिथे पक्षी मोजत आले होते त्या वसाहतींच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या गेल्या. 2024 मध्ये छापून आलेला आकडा 40 लाखांचा होता, अलास्कातले निम्मे मर. किनाऱ्यावर येतं ते समुद्राने परत दिलेलं तेवढंच. उरलेलं बुडतं, खाल्लं जातं. मढ्यांचा आकडा कधी संकट फुगवून दाखवतो, तर कधी चौपट लपवतो. जिवंतांची जुनी मोजणी हाताशी असेल तरच यातलं काय ते कळतं.

कधी ही मोजणी नशिबानेच हातात राहते. अलास्काच्या अल्यूशियन बेटांपैकी कासातोची बेटावर ऑकलेट या समुद्रपक्ष्यांची वसाहत वर्षानुवर्षं मोजली जात होती. ऑगस्ट 2008 मध्ये ज्वालामुखी फुटायच्या थोडं आधी तिथल्या दोन जीवशास्त्रज्ञांना मासेमारी नावेने बाहेर काढलं. त्या हंगामाची पिल्लं राखेखाली गेली. पुढच्या वर्षी मोठे पक्षी परतले, तर अंडी घालायच्या कपारीच बुजलेल्या. आधीच्या नोंदी होत्या म्हणून काय गेलं ते कळलं.

राहिला प्रश्न, मोजतं कोण. स्वालबार्डचे रेनडिअर मुख्यतः नॉर्वेजियन आणि ब्रिटिश गट मोजतात. पण त्याच न्यू-ओलेसुंदमध्ये 2008 पासून आपलं हिमाद्री केंद्र आहे. ते गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था चालवते, आणि डिसेंबर 2023 पासून आपले लोक तिथे हिवाळ्यातही राहू लागले आहेत. त्यांचं काम जास्त करून हवा, हिमनद्या आणि फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेल्या खाडीचं पाणी यांवरचं, प्राण्यांवरचं कमी. तरी जानेवारीतला पाऊस मोजणारं माणूस तिथे असणं आमच्या उपयोगाचंच. तुम्हाला जायचं असेल तर संस्थेकडे प्रकल्पाचा प्रस्ताव द्यावा लागतो. त्याआधी एखाद्या अभयारण्यात दोन हंगाम ट्रान्सेक्ट चाला. आणि जबडे घरी आणायची वेळ आली तर आधी नीट उकळून घ्या. माझ्या सामानाच्या वासावरून विमानतळावर एकदा बरीच चौकशी झाली होती.